डहाणू ते बोर्डी: पहिल्यांदाच सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच शहराबाहेर सायकल न्यायची म्हटलं की मुंबईकडची मंडळी लोणावळ्याचं नाहीतर माळशेजचं नाव घेऊन मोकळी होतात. नवखा माणूस बिचारा पहाटे निघतो, घाटात दम टाकतो, ट्रकचे हॉर्न ऐकून बिचकतो आणि मग सायकल गॅलरीत उभी राहते ती टॉवेल वाळत घालायला. त्यापेक्षा पहिली लांबची फेरी सपाट रस्त्यावर मारावी. त्यासाठी मी डहाणू-बोर्डीचंच नाव सुचवतो.

पालघर जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाचा हा किनारा. डहाणू रोड स्टेशनपासून बोर्डी साधारण १७ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पस्तीसेक. ओढ्या-खाड्यांवरच्या पुलांचे उंचवटे सोडले तर चढ म्हणावा असा एकही नाही. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, वाड्यांपलीकडे रेल्वेचे रूळ आणि लांबवर डोंगरांची रांग. रस्ता चुकायचा प्रश्नच येत नाही.

मुंबईपासून लोकलने येण्याइतकं जवळ असूनही हे एवढं शांत कसं राहिलं, हा प्रश्न पडतोच. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. त्यामुळे बोईसरला कारखाने दिसतात आणि थोडं वर डहाणूला वाड्या. अपवाद डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचा. त्याची उंच चिमणी दक्षिणेला लांबून दिसते आणि परतताना 'डहाणू आलं' हे तीच सांगते. डहाणूच्या दक्षिणेला वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे. म्हणून हा लेख डहाणूपासून उत्तरेकडचाच आहे. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर अवजड वाहनं किती वाढतील, त्याचा भरवसा नवख्याने धरू नये.

आधी वारा समजून घ्या

सपाट रस्त्यावर चढ नसतो, पण वारा असतो आणि नवख्याला तोच रडवतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा उपयोग इथे होतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो. तो अंगाला लागतो, पण अडवत नाही. दहा-अकराच्या पुढे जमीन तापली की खारा वारा सुरू होतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा हा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर.

तेव्हा सकाळी उत्तरेकडे बोर्डीला जायचं आणि दुपार कलल्यावर दक्षिणेला डहाणूकडे परत यायचं. उलटं केलंत, म्हणजे बोर्डीत मुक्काम करून सकाळी डहाणूला गेलात आणि दुपारी परत निघालात, तर तोच रस्ता दुप्पट लांब वाटेल.

सकाळी उत्तरेकडे जाण्यात आणखी एक फायदा आहे. आपण डावीकडून चालवतो, आणि उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे येतो. म्हणजे तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये गाड्या नाहीत. बघायला थांबलात तरी रस्ता ओलांडावा लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपर्यंतही चालतं, एप्रिल-मे मध्ये मात्र घामाने जीव जातो. जायचंच असेल तर नऊपर्यंत सायकल सावलीला लागली पाहिजे. पावसाळ्यात हा किनारा दिसतो सुंदर, पण वारा आडवा-तिडवा, कडेला शेवाळ आणि खड्ड्यांत पाणी. पहिल्या खेपेला नकोच.

सायकल कोणती

घरात असेल ती. गिअर नसलेली साधी सायकलही या रस्त्यावर मजेत चालते, आणि इथल्या शाळेतल्या मुली तशाच सायकलींवरून तुम्हाला मागे टाकून जातील, तेव्हा महागड्या सायकलीचा तोरा न बाळगलेला बरा. फक्त अगदी बारीक टायरची रेसिंगची सायकल आणू नका. कडेची वाळू तिला सोसत नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, मग दहा किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात आणि दोष वयाला जातो. दुसरी, हवा. टायरच्या बाजूला किती दाब हवा ते छापलेलं असतं, त्या मर्यादेतच भरा. जाड टायरला ४० पीएसआयच्या आसपास पुरते, मध्यम जाडीच्या हायब्रीडला ५० ते ६०.

सोबत एक जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप आणि पान्यांचा एक संच घ्या. वाड्यांच्या कुंपणावर काटेरी झुडपं असतात आणि छाटणी झाली की काटे रस्त्यावर येतात. ट्यूब बदलण्याचा सराव घरी एकदा करून बघा. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी आणि थोडी रोख रक्कम, एवढं पुरे. पाठीवर मोठी सॅक नको. पाठ भिजते आणि खांदे दुखतात. सामान कॅरिअरला बांधा.

डहाणूला पोहोचायचं कसं

२०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. विरारहून सव्वा तासाच्या आसपास लागतो. विरारपुढच्या गाड्या मोजक्याच असतात, म्हणून जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही गाड्या आदल्या दिवशी बघून ठेवा. येण्याची तर नक्कीच, आणि तिच्यानंतरचीही एक.

सायकल नेहमीच्या डब्यात घुसवू नका. ती लगेजच्या डब्यात जाते आणि तिची वेगळी पावती घ्यावी लागते. तिकीट खिडकीवर किंवा पार्सल कार्यालयात विचारा आणि त्यासाठी वीसेक मिनिटं आधी स्टेशनवर पोहोचा. घडीची सायकल असेल तर काम सोपं. लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्या, भाजीचे भारे, दुधाचे कॅन यांचा हक्क आधी. सायकल भिंतीला टेकवा, पुढचं चाक आडव्या दांड्याला दोरीच्या तुकड्याने बांधा आणि स्वतः तिच्याजवळ उभे राहा. 'दादा, जरा बाजूला घेऊ का?' असं आधी विचारलंत तर जागा होते. न विचारता पाटी सरकवलीत तर डहाणूपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. रविवारी सकाळी गर्दी कमी असते.

गाडीवर सायकल लादून येणाऱ्यांनी अहमदाबाद महामार्गावरून चारोटी नाक्याला डहाणूकडे वळावं. चारोटी-डहाणू रस्त्यावर सायकल चालवण्याचा मोह टाळा. तिथे वाहतूक बऱ्यापैकी असते आणि हा लेख त्या रस्त्यासाठी नाही.

स्टेशन ते पारनाका

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा. पहिले दोनेक किलोमीटर बाजाराचे आहेत: रिक्षा, टमटम, दुकानांपुढे उभ्या केलेल्या दुचाक्या. इथे वेग नको. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. गर्दी फार वाटली तर उतरून सायकल हातात धरून चाला, त्यात कमीपणा नाही. कुणालाही 'पारनाका कुठे?' विचारलं की समुद्राकडे बोट दाखवतील. पारनाक्यावर पोहोचलात की समोर चौपाटी.

चहा-नाश्ता इथेच उरका. पुढे गावं लागतात, पण सकाळी सातला सगळीच दुकानं उघडी असतील असं नाही. बाटल्या भरून घ्या आणि उत्तरेकडच्या बोर्डी रस्त्याला लागा.

नरपड, चिखले

आता खरी वाट सुरू होते. पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम सावकाश चालवा, हलक्या गिअरमध्ये. सोबत्याशी गप्पा मारताना वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे, असं समजा. तासाला दहा-बारा किलोमीटरचा वेग धरलात तरी बोर्डी दीड-पावणेदोन तासांत येते. घाई कसली आहे?

नरपड आणि चिखले या गावांमधून रस्ता जातो तेव्हा समुद्र दिसतो आणि लपतो. मध्येच घरं, वाड्या, ताडांची रांग; मग एकदम सुरूच्या खोडांमधून पाणी. सुरूची बारीक पानं रस्त्याच्या कडेला साचतात आणि त्यांच्याखाली वाळू दडलेली असते. अशा जागी वळण घेताना पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, चाक सटकतं. वाळूचा पट्टा दिसला की आधीच वेग कमी करा, हँडल सरळ ठेवा आणि पायडल मारत पार व्हा. वाळूत मध्येच थांबलं की पडायला होतं.

मासेमारी करणारा मांगेला समाज या किनाऱ्यावर जुना. हिवाळ्यात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टांगायचे, दोर लागत नाही, गाठ लागत नाही. फोटो काढायचा असेल तर तिथे काम करणाऱ्या बाईंना विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत, पण कुणाच्या अंगणात न विचारता कॅमेरा रोखणं बरं नव्हे. वासाबद्दल तोंड वाकडं करणाऱ्यांनी डहाणूतूनच मागे फिरावं.

कुत्र्यांचं काय, हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. वाडीतलं कुत्रं मागे लागलं तर पळवत सुटू नका. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालू लागा. त्याची हद्द संपली की ते परत जातं.

एसटी आणि टमटम मागून आल्या की हॉर्न देतात. तो राग नसतो, 'आलोय' एवढंच सांगणं असतं. सरळ रेषेत चालत राहा; दचकून एकदम डावीकडे कच्च्यात उतरू नका. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक चालवा, गप्पा मारायला पुढे बोर्डी आहे.

घोलवड

घोलवड म्हणजे चिकू. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या वाड्यांत मुख्यत्वे कालीपत्ती जातीची झाडं आहेत: गर्द हिरव्या पानांची, खालपर्यंत पसरलेली, दुपारीही खाली अंधार करणारी. वाडीवाले मराठी, गुजराती आणि पारशी-इराणी, तोडणीला बहुतेक वारली मजूर. रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलात तर तिन्ही-चारही बोली कानावर पडतात.

एखाद्या वाडीत चिकू धुण्याचं काम चालू दिसलं तर परवानगी घेऊन जरूर बघा. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने फळ उतरवतात. झाडावरून उतरलेल्या चिकूवर तपकिरी भुसा असतो, हात लावला तर खरखरीत. लाकडी पट्ट्यांच्या पिंपात चिकू भरून ते पिंप पाण्यात फिरवतात. फळावर फळ घासतं, भुसा निघून जातो आणि बाहेर येतो तो बाजारात दिसणारा गुळगुळीत चिकू. मग जमिनीवर ओतून बाया आकाराप्रमाणे ढीग लावतात. नजर इतकी सरावलेली की हातात घेईपर्यंत ढीग ठरलेला असतो.

विकत घेताना आताच खायचे वेगळे आणि घरी न्यायचे वेगळे सांगा. घरी न्यायचे कडक घ्या. दोन-चार दिवसांत पिकतात आणि कॅरिअरवर हादरे खाऊनही फुटत नाहीत. फळ तयार आहे का, ते नखाने किंचित खरवडून बघतात: आत हिरवं दिसलं तर कोवळं, पिवळसर दिसलं तर तयार. विक्रेत्याला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका. कोवळा चिकू खाल्लात तर चिकाने ओठ चिकटतात. पिकलेले मऊ चिकू पिशवीत घालून सायकलला टांगलेत, तर डहाणूपर्यंत त्याचा मुरंबा होतो. उन्हाळ्यात वाटेवर ताडगोळे मिळतात, ते सोडू नका. ताडीची गोष्ट वेगळी. ती घेऊन सायकल चालवू नका.

घोलवडला रेल्वे स्टेशन आहे, पण उपनगरी लोकल डहाणूलाच संपते. पुढे मोजक्याच गाड्या थांबतात. तेव्हा 'घोलवडहून गाडी पकडू' हा बेत वेळापत्रक बघितल्याशिवाय करू नका.

बोर्डी, आणि ओहोटीचं गणित

घोलवडहून बोर्डी जवळच. इथला किनारा फार उथळ आहे, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र बघायला चालत जावं लागतं. मागे राहते ती ओली, घट्ट वाळू. तिच्यावर सायकल चालवण्यात फार मजा आहे, मात्र वेळ साधली पाहिजे.

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीच्या आधी किंवा नंतर सहा तासांहून थोड्या जास्त अंतराने ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा लागतो. तुम्ही बोर्डीला साडेनऊच्या सुमारास पोहोचणार असाल तर पंचमी बरी: भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी साडेनऊच्या आसपास. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, शिवाय तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी फार आत जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, ओहोटी भल्या सकाळी आणि संध्याकाळी, आणि दुपारी पाणी वरपर्यंत. पंचांग नको असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ बघा, पण तिथीवरून हिशेब केलात तर गावातला माणूस तुमच्याशी नीट बोलतो.

वाळूवर उतरण्याआधी टाच दाबून बघा. ठसा उथळ उमटला तर चालवा, टाच रुतली तर नको. ओहळ जिथे समुद्राला मिळतात त्या तोंडाशी चिखल असतो, तिथून लांबून जा. पाण्याच्या कडेकडेने चालवण्याचा मोह होतो. खारं पाणी साखळीला आणि बेअरिंगला खातं, तेव्हा लाटेपासून दूर राहा. आणि भरती सुरू झाली की सरळ वर या. सपाट किनाऱ्यावर पाणी भराभर चढतं.

दुपारचं जेवण इथेच. खानावळी आणि घरगुती जेवणाच्या जागा आहेत. पापलेट-बोंबील मिळतात, पारशी-इराणी घरांतून राहण्याजेवणाची सोयही होते. घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी 'जेवायला आहे का?' म्हणून दारात उभं राहून चालत नाही.

जेवून दोन तास आहेतच, तर बोर्डी गावात चक्कर मारा. हे शाळांचं गाव. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं ते याच बोर्डीत, अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची, झाडाखाली भरवायची, हा अंगणवाडीचा विचार या भागातून पुढे गेला. काम नंतर कोसबाडच्या टेकडीवर हललं. कोसबाडला सायकलने जायचं तर चढ आहे. तो पुढच्या खेपेसाठी ठेवा. पूर्वेला दिसणारा बारडचा डोंगरही तसाच. गुजरातेतलं त्यांचं जुनं ठाणं संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी त्यावरच्या बाहरोटच्या गुंफांत लपवला होता, असं पारशी परंपरा सांगते. तिथे पायी चढावं लागतं.

अजून दम असेल तर झाई

बोर्डीच्या उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर झाई, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. होड्या, जाळी, बर्फाच्या गाड्या असं कामाचं गाव आहे, चौपाटी नव्हे. पुढे गुजरात, उंबरगाव. सीमा ओलांडायची असेल तर सामानात बाटली नाही ना, ते आधी बघा. तिकडे दारूबंदी आहे आणि सायकलवाल्यालाही सूट नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने झाईहून मागे फिरावं. नऊ-दहा किलोमीटर वाढतात तेवढे पुरे.

परतीचा रस्ता

साडेतीन-चारला बोर्डी सोडा. वारा पाठीवर असतो, त्यामुळे त्याच कष्टात वेग आपोआप वाढतो. सकाळचा दमलेला माणूसही खुशीत येतो. आता समुद्र उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे. ऊन तोंडावर उजवीकडून तिरपं येतं, म्हणून टोपीची कड खाली घ्या. शनिवार-रविवारी याच वेळी मुंबई-सुरतकडच्या गाड्या किनाऱ्यावर येतात, आणि समुद्र बघत गाडी चालवणारा ड्रायव्हर सायकलवाल्याला बघत नाही. मागचा दिवा दिवसाही लावून ठेवा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सुरूंखाली त्याआधीच अंधारतं, म्हणून अंधार पडायच्या आत पारनाका गाठा.

बसायची जागा दुखत असेल तर दर वीस मिनिटांनी पायडलवर उभं राहून दहा-बारा वेळा फिरवा. पोटऱ्यांत गोळे आले तर उतरा, चाला, मीठ-साखरेचं पाणी प्या. अगदीच जमेना तर डहाणू-बोर्डी रस्त्यावर टमटम आणि एसटी चालू असते. टमटमच्या टपावर किंवा मागे सायकल बांधून देतात, भाडं आधी ठरवा.

घरी पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी सायकल. वाळूवर गेली असो वा नसो, खाऱ्या हवेचा थर बसलेला असतो. साध्या पाण्याने धुवा, बादलीतून तांब्याने. जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. साखळी फडक्याने कोरडी पुसा, उलटं पायडल फिरवत प्रत्येक कडीवर तेलाचा एक-एक थेंब सोडा, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. खोबरेल नको, शिवणयंत्राचं तेल चालेल. कडक चिकू वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा.